सातपायरीच्या घाटातला रिकामा रविवार

तोरणमाळच्या घाटात चित्रीकरण करून आल्याचे कळल्यापासून ओळखीच्या चार-पाच जणांनी मला एकच प्रश्न विचारला आहे, तो म्हणजे परवानगी कुठून आणि कशी काढली. प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगताना काही ना काही राहून जाते, म्हणून अर्जाच्या पहिल्या दिवसापासून शेवटची पोच हाती पडेपर्यंतचे सगळे क्रमाने लिहून काढते आहे. त्यात एका रविवारबद्दल जरा जास्त लिहीन, कारण त्या दिवशी आमच्या वेळापत्रकाप्रमाणे काहीच झाले नाही आणि तरीही आमच्या माहितीपटाचा अर्ध्याहून अधिक भाग त्याच दिवसाचा आहे.

मी धुळ्याला एका बँकेत नोकरी करते. माझे आजोळ शहाद्याकडचे असल्यामुळे उत्तरेला आडवी पसरलेली सातपुड्याची निळी रेघ मी लहानपणापासून पाहत आले आहे. आजीच्या दारात डोंगरातून उतरलेल्या बायका चारोळी, आमचूर आणि सुकवलेली मोहफुले घेऊन यायच्या. ती फुले कुठल्या झाडाखालून, किती वाजता, कशी वेचली जातात हे मात्र वयाची चाळिशी उलटेपर्यंत मी पाहिले नव्हते. गेल्या दिवाळीत माझा भाचा नवा कॅमेरा घेऊन घरी आला, तेव्हा हा विषय निघाला आणि बारा मिनिटांचा माहितीपट करून तो आपल्या भागातल्या शाळांमधून दाखवायचा, असे ठरले. कॅमेरा भाच्याकडे, ध्वनिमुद्रण माझ्या मैत्रिणीकडे आणि कागदपत्रे, हिशेब व माणसांशी बोलणे माझ्याकडे, अशी कामाची वाटणी झाली. आमच्यापैकी कोणीही हे काम पूर्वी केलेले नव्हते.

ज्यांना हा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. तोरणमाळ नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी, म्हणजे धडगाव तालुक्यात, सुमारे ११५० मीटर उंचीच्या पठारावर आहे. वर यशवंत तलाव आहे, गोरखनाथाचे मंदिर आहे, मच्छिंद्रनाथांची गुंफा आहे, आणि पठाराच्या कडेला सीताखाईची खोल दरी आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. शहाद्याहून म्हसावद आणि राणीपूर मागे टाकले की सागाचे जंगल सुरू होते आणि पुढे सातपायरीचा घाट लागतो. वरच्या पाड्यांवर बहुतेक वस्ती पावरा आणि भिल्ल समाजाची आहे. अक्राणी तालुका अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे राज्यघटनेप्रमाणे ठरलेल्या आदिवासी भागात मोडतो, त्यामुळे तेथे ग्रामसभेला अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने मोहफुलांसारख्या गौण वनोपजावर गावकऱ्यांचा हक्क मान्य केलेला आहे. हे कायदे मी परवानगीच्या निमित्ताने वाचले. मोहाचे झाड वनजमिनीवर असले तरी त्याखालची फुले ही कोणाच्या तरी घरची मिळकत असते, हे आधी कळल्यामुळे पुढे आमचे वागणे सुधारले, असे मला वाटते.

मोहफुले मार्चच्या मध्यापासून गळू लागतात. तो हंगाम गाठायचा म्हणून ३ फेब्रुवारी २०२५ रोजी, सोमवारी, अर्धी रजा काढून मी वनविभागाच्या कार्यालयात उपवनसंरक्षकांच्या नावे अर्ज दिला. त्याआधी फोनवर चौकशी केली होती. राज्यातील शासकीय जागांवरच्या चित्रीकरणासाठी महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे. आमचे काम तीन माणसांचे, विनामूल्य दाखवण्याचे आणि एकाच घाटापुरते असल्यामुळे आम्हांला स्थानिक कार्यालयातच अर्ज करण्यास सांगण्यात आले. तुमचे काम व्यावसायिक असेल किंवा अनेक ठिकाणचे असेल, तर आधी त्या योजनेची चौकशी करावी आणि मगच स्थानिक कार्यालयाचा उंबरठा चढावा.

अर्जात काय लिहावे हे मला कोणी नीट सांगितले नव्हते, म्हणून येथे सविस्तर लिहिते. माहितीपटाचा विषय आणि हेतू एका परिच्छेदात लिहावा, कथा सांगत बसू नये. प्रत्येक व्यक्तीचे नाव, पत्ता आणि ओळखपत्राची साक्षांकित प्रत जोडावी, आणि त्यात वाहनचालकालाही धरावे. वाहनाचा क्रमांक, नोंदणी आणि विमा यांच्या प्रती लागतात. कॅमेरा, भिंगे, तिपाई, ध्वनिमुद्रक, दिवे असल्यास दिवे, अशी साहित्याची यादी नगांसह द्यावी लागते. चित्रीकरणाच्या तारखा आणि वेळा लिहाव्यात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘तोरणमाळ परिसर’ असे मोघम न लिहिता वनपरिक्षेत्र, त्यातले नियतक्षेत्र (बीट) आणि त्यातल्या कक्षाचा, म्हणजे जंगलाच्या नेमक्या तुकड्याचा, क्रमांक लिहावा. तो तुम्हांला ठाऊक असण्याचे कारण नाही, परंतु जागेवरच्या वनरक्षकांना विचारले तर ते एका मिनिटात सांगतात. याशिवाय जंगलात आग पेटवणार नाही, कचरा टाकणार नाही, झाडाची फांदीही तोडणार नाही आणि वन्यजीवांना त्रास देणार नाही, असे हमीपत्र मी ₹५०० च्या मुद्रांकावर करून दिले. ग्रामपंचायतीचे पत्र आणि पोलीस ठाण्याला दिलेल्या सूचनेची प्रतही जोडली.

पहिल्या दिवशी मी अर्ज दिला, लिपिकांनी तो घेतला, आणि मी समाधानाने बाहेर पडले. जिन्यापर्यंत आल्यावर लक्षात आले की आवक क्रमांक घेतलेलाच नाही. परत जाऊन माझ्याकडच्या प्रतीवर शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतली. बँकेत मी रोज लोकांना हेच सांगते, आणि तरीही स्वतःच्या वेळी विसरले. पुढे दोन वेळा केवळ त्या आवक क्रमांकामुळे आमचा अर्ज लगेच सापडला, म्हणून पोच हातात आल्याशिवाय खिडकी सोडू नये, एवढे मी आग्रहाने सांगेन.

१२ फेब्रुवारीला फोन आला की साहित्याच्या यादीत ड्रोन नाही असे स्पष्ट लिहून द्यावे आणि वाहनाचा विमा संपत आला आहे, त्याचे नूतनीकरण करून प्रत जोडावी. ड्रोनचा विचार आम्ही आधीच सोडला होता. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे नोंदणी, उड्डाणाचे क्षेत्र आणि उंची यांची बंधने पाळावी लागतात, आणि वनक्षेत्रासाठी वनविभागाची संमती पुन्हा वेगळी लागते. शिवाय झाडाखाली वाकलेल्या बाईच्या डोक्यावर घरघरणारे यंत्र आणणे आम्हांला तिघांनाही पसंत नव्हते. तसे लेखी दिले. त्यानंतर २६ फेब्रुवारीची महाशिवरात्र आली आणि यात्रेच्या बंदोबस्तात सगळी यंत्रणा गुंतली. पाठोपाठ होळी आली. सातपुड्यात होळी हा वर्षातला सर्वांत मोठा सण असतो, त्या दिवसांत कोणाकडून कागद हलण्याची अपेक्षा धरणेच चूक होते. १४ मार्चला धूलिवंदन झाले तरी उत्तर नव्हते. मोह गळू लागल्याचे शहाद्याचा मामेभाऊ फोनवर सांगत होता आणि माझ्या बँकेत मार्चअखेरची धावपळ सुरू झाली होती. रात्री झोप लागेना. एवढ्या लोकांना कामाला लावले आणि हंगाम हातचा गेला तर काय, हा विचार सतत डोक्यात असायचा.

या दीड महिन्यात मी कार्यालयात एकूण चार वेळा गेले. एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट असल्यामुळे प्रवासाचा खर्च फारसा जाणवला नाही, परंतु चार अर्ध्या रजा गेल्या. १८ मार्चला, मंगळवारी, परवानगीचे पत्र हाती पडले. २२ ते २४ मार्च असे तीन दिवस, सूर्योदयापूर्वी अर्धा तास ते सूर्यास्त अशी वेळ, आणि जंगलातल्या चित्रीकरणाच्या वेळी वनरक्षक सोबत असणे बंधनकारक, अशा अटी होत्या. शासकीय शुल्क चलनाने भरले. ते दिवस, माणसे आणि साहित्य यांवर ठरते, त्यामुळे आमचा आकडा येथे देऊन कोणाची दिशाभूल करीत नाही. २२ तारीख चौथा शनिवार असल्याने बँकेला सुटी होती, म्हणून मला सोमवारची एकच रजा मागावी लागली.

शनिवारी पहाटे पाचला धुळे सोडले. दोंडाईचा, सारंगखेड्याला तापीवरचा पूल, शहादा, असा नेहमीचा रस्ता आहे. शहाद्याला डिझेलची टाकी भरून घेतली, पैसे काढले, पाण्याचे दोन मोठे जार घेतले आणि घरी फोन करून घेतले, कारण घाट सुरू झाला की मोबाइलला नेटवर्क मिळेलच याची खात्री नसते. राणीपूरच्या पुढे जंगल लागताच आमचे चालक दादा आपोआप हळू झाले. दुपारी वर पोहोचून वनरक्षकांची भेट घेतली, परवानगीचे पत्र दाखवले, सरपंचांना भेटून आलो, आणि रविवारी पहाटे साडेपाचला जंगलाच्या तोंडाशी भेटायचे ठरवून लवकर झोपलो. मार्चअखेर असूनही रात्री दोन रग लागले. गरम कपडे न्यावेत.

रविवारी पहाटे पाच वाजता आम्ही कॅमेरा, तिपाई, बॅटऱ्या घेऊन तयार होतो. सहा वाजले तरी वनरक्षक आले नाहीत. सव्वासहाला मोटारसायकलवरून एक तरुण निरोप घेऊन आला. रात्री दुसऱ्या कक्षात वणवा लागला होता आणि सगळे कर्मचारी तो विझवायला गेले होते. ते आज येऊ शकणार नव्हते, उद्या नक्की येणार होते. फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसाळ्यापर्यंत जंगलात आगीचा हंगाम असतो हे मला ठाऊक होते. मोहाखालचा पालापाचोळा साफ करायला कोणी कोणी तो पेटवून देतात आणि वारा फिरला की ती आग डोंगरभर पसरते, हेही हमीपत्र करताना ऐकले होते. आग विझवायला गेलेल्या माणसाबद्दल तक्रार करण्यासारखे काही नव्हतेच. तरीही सहा आठवडे वाट पाहून मिळालेल्या तीन दिवसांतला एक दिवस हातातून गेला, या विचाराने मला रडू आवरेना. भाचा म्हणाला, “मावशी, आपण तसेच जंगलात गेलो तर कोण पाहणार आहे?” मी नाही म्हटले. पत्रात अट लिहिलेली होती आणि खाली माझी सही होती.

चालक दादा गाडीची काच पुसत होते. ते मूळचे साक्रीकडचे, घरात आणि गाडीत अहिराणीच बोलतात. माझ्याकडे पाहून म्हणाले, “ताई, दम खा. घाट कोठे पळी जाई राहिना का? रस्तावर ते कोणी नही म्हणस नही.” रस्ता सार्वजनिक होता, पोलीस ठाण्याला सूचना दिलेली होती, आणि आमच्या परवानगीतही घाटरस्त्याचा उल्लेख होता. वनरक्षकांची अट फक्त जंगलात शिरण्यापुरती होती. म्हणून आम्ही ठरवले की आज पूर्ण दिवस घाटात घालवायचा, पण घाई करायची नाही आणि कोणत्याही दृश्याची यादी हातात धरायची नाही.

सकाळी आठला आम्ही वरून खाली निघालो आणि एका रुंद वळणावर थांबलो. रस्त्याकडेला गाडी उभी करण्याइतकी जागा होती, वरून आणि खालून येणारे वाहन दूरवर दिसत होते. घाटात चित्रीकरण करायचे तर अशीच जागा शोधावी, वळणाच्या पोटात कधीही तिपाई लावू नये, आणि एका माणसाला फक्त वाहनांवर लक्ष ठेवण्याचे काम द्यावे. आमच्यात ते काम माझ्याकडे होते. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची हा घाटाचा नियम आहे, आणि आमची गाडी मध्ये येत नाही ना, हे दादा दर वेळी उतरून पाहत होते.

पहिला तासभर भाच्याने कॅमेरा काढलाच नाही. आम्ही नुसते बसलो. बसल्यावर हळूहळू घाट दिसू लागला, असे म्हणावे लागेल. साग पूर्ण निष्पर्ण झाला होता आणि त्यातून समोरच्या डोंगराची प्रत्येक घडी उघडी पडली होती. मधूनच एखाद्या कुसुमाला फुटलेली तांबडी पालवी लांबून फुलांसारखी वाटत होती. पळस बहुतेक गळून गेला होता, रस्त्याच्या कडेला त्याच्या पाकळ्या चुरगळून पडल्या होत्या. काळ्या कातळाच्या थरांवर थर, आणि त्यांच्या फटीतून वाढलेली सालई. खालच्या वळणावरून चढत येणाऱ्या एस.टी.चा आवाज आधी कितीतरी वेळ येत राहायचा, मग तो एका डोंगराआड बुडायचा, पुन्हा जवळून यायचा, आणि शेवटी लाल गाडी वळणावर दिसायची. मैत्रिणीने तो संपूर्ण आवाज, पहिल्या घरघरीपासून गाडी वर दिसेनाशी होईपर्यंत, सलग मुद्रित केला. तो सहा मिनिटे आणि काही सेकंदांचा आहे. आमच्या माहितीपटाची सुरुवात त्याच आवाजाने होते.

येथे एक उपयोगाची गोष्ट सांगते. प्रत्येक ठिकाणी, कोणीही न बोलता, किमान एक मिनिट त्या जागेचा निवांत आवाज मुद्रित करून घ्यावा. संकलन करताना दोन वाक्यांच्या मधली पोकळी भरायला तोच लागतो, आणि तो नंतर कुठूनही आणता येत नाही. घाटात वारा सतत असतो, म्हणून मायक्रोफोनवर केसाळ टोपी घालणे अटळ आहे. दुपारच्या उन्हात सेकंदाला २५ चौकटी आणि १/५० चा शटर ठेवायचा तर भिंगावर प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर हवा, नाहीतर चित्र पांढरे पडते. आमच्याकडे एकच फिल्टर होता आणि तो एकाच भिंगाला बसत होता. दुसरा आणायला हवा होता.

साडेअकरानंतर ऊन इतके कडक झाले की कॅमेरा पिशवीत गेला. अंजनाच्या सावलीत सतरंजी टाकून आम्ही डबे उघडले. आईने कळण्याच्या भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. दादा जेवून गाडीच्या सावलीला झोपले. मैत्रीण कागदावर आवाजांची नोंद करीत होती. त्याच वेळी वरच्या पायवाटेने एक आजी आणि तिची नात खाली उतरल्या. आजीच्या डोक्यावर टोपली होती, तीवर फडके झाकलेले होते. त्या थांबल्या, आम्ही पाणी दिले, त्या बसल्या.

आजी पावरी बोलत होती. नात दहावी झालेली, चांगली मराठी बोलणारी होती, तिने मध्ये बसून दोन्हीकडचे सांगितले. आजीने पहिला प्रश्न विचारला तो असा, की तुम्ही सरकारचे आहात का. मी परवानगीचे पत्र नातीला वाचायला दिले आणि आम्ही कोण, कशासाठी आलो, हे सांगितले. मग आजीने फडके बाजूला केले. टोपलीत सकाळी वेचलेली मोहफुले होती. मी ताजे मोहफूल इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होते. फिक्या लोण्याच्या रंगाचे, करवंदाएवढे, गरदार, आतून पोकळ, आणि एका टोकाला लहानसे भोक, जणू ओवायला केलेला मणी. बोटांत धरले की किंचित चिकटते. वास गोड, जड, जरासा आंबूस, आणि तो हाताला संध्याकाळपर्यंत राहतो. आजीने एक फूल माझ्या तळहातावर ठेवले आणि खाण्याची खूण केली. चव गोड होती, शेवटी घशाशी थोडी तुरट.

मैत्रिणीच्या गळ्यात हेडफोन होते. आजी त्यांच्याकडे पाहत होती, म्हणून तिने ते आजीच्या कानांवर ठेवले आणि मायक्रोफोन दरीकडे वळवला. खालच्या उतारावर, आम्हांला ठिपक्यांसारख्या दिसणाऱ्या शेळ्या चरत होत्या. आजीने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले. थोडा वेळ ती अगदी स्थिर होती. मग हळूच हसली आणि नातीला काहीतरी म्हणाली. नातीने सांगितले, “आजी म्हणते, आमच्या शेळ्यांची घंटी ऐकू येते आहे, आणि एक शेळी लांब गेली आहे.” नात उठून पाहायला गेली. एक शेळी खरोखरच नाल्यापलीकडे गेली होती.

हा प्रसंग आम्ही चित्रित केला नाही. कॅमेरा पिशवीत होता आणि तेव्हा तो बाहेर काढावा असे कोणाला वाटले नाही. नंतर मी आजीला विचारले की तुमची फुले वेचतानाची दृश्ये घेतली तर चालेल का. तिने लगेच हो म्हटले नाही. दृश्य कुठे दाखवणार, पैसे कोणाला मिळणार, झाड कोणाचे म्हणून सांगणार, असे तीन प्रश्न तिने नातीकरवी विचारले आणि तीनही रास्त होते. माहितीपट विनामूल्य आहे, आधी तुमच्याच पाड्यावर दाखवू, आणि तुमच्या वेळेचे व नातीच्या दुभाषेपणाचे मानधन देऊ, असे मी सांगितले. संमतीपत्र मराठीत लिहिलेले होते. नातीने ते आजीला वाचून, पावरीत समजावून सांगितले आणि मग आजीने अंगठा दिला. या कामाला पाऊण तास लागला. आमच्या मूळ वेळापत्रकात संमतीपत्रासाठी प्रत्येकी पाच मिनिटे धरलेली होती, आणि रविवारी वनरक्षक वेळेवर आले असते तर आम्ही कदाचित ती पाच मिनिटांतच उरकली असती. जाताना आजीने बजावले की उद्या उजाडायच्या आत या, झाडाखाली उजेड पाडू नका, आणि आधी ऐका.

चारनंतर प्रकाश मऊ झाला. मग आम्ही काम केले, पण तेही सावकाश. किलोमीटरचा दगड आणि त्यावर बसलेला सरडा, माणसांनी खचाखच भरलेली जीप आणि मागे लटकलेल्या मुलाने आम्हांला केलेला हात, कठड्यावर वाळत टाकलेले लुगडे, अशी दृश्ये मिळाली. सूर्य खाली गेला तसे दक्षिणेला तापीकाठचे सपाट रान धुरकट सोनेरी झाले आणि सातपुड्याची सावली पायथ्याच्या शेतांवर हळूहळू पुढे सरकू लागली. ही सावली सरकताना भाच्याने तिपाईवरून सलग अकरा मिनिटे घेतली. कॅमेऱ्यामागे उभे राहून तो एकदाही हलला नाही. मी वाहनांवर लक्ष ठेवून होते, तरी मधून मधून त्याच्याकडे पाहत होते, आणि सकाळी मी कशासाठी रडले हे मला आठवेना. सूर्यास्त होताच पत्रातल्या अटीप्रमाणे कॅमेरा बंद केला. रात्री खोलीवर जाऊन दिवसभराचे मुद्रण दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवले, आणि दोन्ही प्रती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसले नाही. मध्येच वीज गेली होती, पण बॅटऱ्या आधीच भरून ठेवल्या होत्या.

सोमवारी वनरक्षक सव्वापाचला हजर होते. दोन रात्री जागल्यामुळे त्यांचे डोळे लाल झाले होते आणि कपड्यांना धुराचा वास येत होता. आम्ही त्यांना आमच्याकडचा चहा दिला. आजी आणि नात झाडाखाली आधीच होत्या. आजीने पाला पेटवला नव्हता, झाडूने गोळा करून बाजूला सारला होता. तिने सांगितल्याप्रमाणे आम्ही विजेऱ्या बंद करून उभे राहिलो. आधी काही कळेना. मग एक हलका ‘टप्’ आला, मग दुसरा, मग थोड्या अंतराने तीन-चार. अंधारात दिसत काही नव्हते, फक्त चहूबाजूंनी फुले गळत होती. उजाडू लागले तेव्हा झाडाखालची जमीन फिकट ठिपक्यांनी भरलेली दिसली आणि आजी वाकून दोन्ही हातांनी वेचू लागली. आम्ही चाळीस मिनिटे चित्रीकरण केले. तेवढे पुरेसे होते. त्या पहाटेचे पहिले एक मिनिट माहितीपटात पडदा काळाच ठेवला आहे आणि फक्त गळण्याचा आवाज ऐकू येतो. दुपारी आम्ही घाट उतरलो.

खर्चाचे सांगायचे तर गाडी, चालक आणि डिझेल मिळून तीन दिवसांचे ₹१२,६००, दोन खोल्यांचे दोन रात्रींचे ₹६,०००, जेवण आणि चहापाणी ₹२,९००, मुद्रांक, टंकलेखन, साक्षांकन आणि झेरॉक्स मिळून ₹१,१५०, आणि आजी व नातीला दिलेले मानधन, असा खर्च झाला. तो आम्ही तिघांनी वाटून घेतला. संकलनाला एप्रिल महिना गेला. रविवारी आम्ही एकूण ७४ मिनिटांचे मुद्रण केले होते, सोमवारी ४०. बारा मिनिटांच्या माहितीपटात रविवारचे सात मिनिटे आहेत.

मे महिन्यात आम्ही पाड्यावर प्रक्षेपक आणि पांढरी चादर घेऊन गेलो. अंधार पडल्यावर शाळेच्या भिंतीवर चादर लावली. पन्नासेक माणसे जमली. एस.टी. वळणावर दिसली तेव्हा मुलांनी चालकाला नावाने हाक मारली. आजी पुढच्या रांगेत बसली होती, आणि पडदा काळा झाला, फुले गळू लागली, तेव्हा मागून कोणीतरी विचारले की वीज गेली का. आजीने मान न वळवता हात वर करून सगळ्यांना गप्प केले.

दुसऱ्या दिवशी परतताना एक पेनड्राइव्ह ग्रामपंचायतीत दिला. दुसरा वनविभागाच्या कार्यालयात, परवानगीच्या शेवटच्या अटीप्रमाणे, पत्रासह जमा केला. आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतली आणि ती पोच ३ फेब्रुवारीच्या अर्जामागे लावून ठेवली.